चाकूला हात लावायचा नाही

पट्टी मोडली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. भुईमुगाची शेंग फोडावी तेवढाच आवाज, आणि चाकूच्या मुठीवरची लाल पट्टी मधोमध दुभंगली. एक तुकडा माझ्या पकडीत राहिला, दुसरा फरशीवर पडला. नखाएवढा एक कपचा मोरीच्या दिशेनं उडाला आणि जाळीतून खाली गेला.

बुधवार होता, दुपारची वेळ. मी मागच्या पडवीत पोत्यावर बसलो होतो. शनिवारी वैजू येणार होती.

वैजू म्हणजे माझी मुलगी, वैजयंता. गडहिंग्लजला दिलेली. तिथं तिची आणि जावयाची रोपांची नर्सरी आहे. तिची आई, माझी बायको मालन, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. दिवस झाल्यावर बायकांनी मालनच्या साड्या, भांडी वाटून घेतली. वैजूनं काहीच घेतलं नाही. नंतर बघू म्हणाली. आणि मग रविवारी तिचा फोन आला.

"आप्पा, मला आईचा चाकू पाहिजे."

"कुठला?"

"तो लाल मुठीचा, घडीचा. भाजीच्या टोपलीत असायचा बघा."

"घेऊन जा की. तुझाच आहे."

"शनिवारी येते. पण एक सांगून ठेवते. त्याला हात लावायचा नाही."

"मी कशाला हात लावतोय?"

"कानस नाही, पॉलिश नाही, तेलसुद्धा नाही. जसा आहे तसा पाहिजे. कबूल?"

"कबूल."

"बघा हं. मी ओळखते तुम्हाला."

पोरीनं आईची एकच वस्तू मागितली होती आणि एकच अट घातली होती. तीन दिवसांत मी दोन्हीची वाट लावून बसलो होतो.

मी हात का लावला ते सांगतो.

तो चाकू जोतिबाच्या यात्रेतला होता. पाटीवर ढीग ओतून विकतात तसल्यातला. लोखंडी पातं, पाठीला एक पोलादी पट्टीची स्प्रिंग आणि मुठीला दोन्ही बाजूंनी लाल प्लास्टिकच्या पट्ट्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मालननं घेतला आणि तीस वर्षं वापरला. पेरू चिरायला, दोरा कापायला, पिशवीचं तोंड फोडायला, ऊस सोलायला. बाहेर निघाली की तो तिच्या पिशवीत असायचाच.

मालन डावरी होती. आमच्या आईला डाव्या हाताचं वावडं. डाव्या हातानं वाढलं की आई ताट पुढं सरकवायची, बोलायची नाही. वर्षभरात मालन वाढणं, लाटणं, कुंकू लावणं, सगळं उजव्या हातानं शिकली. एकदा उजव्या हातानं भाजी चिरताना बोट कापून घेतलं. चार टाके पडले. तेव्हापासून आईनं चिरण्यापुरतं डाव्या हाताला माफ केलं.

पण घडीच्या चाकूला पातं ओढून काढायला नखाची एक खाच असते, आणि ती उजव्या अंगठ्यासाठी पाडलेली असते. मालनच्या उजव्या अंगठ्यात जोर नव्हता. डाव्या अंगठ्यासाठी त्या बाजूला खाच नव्हती. मग ती पात्याची पाठ पुढच्या दातांत धरायची आणि मूठ ओढायची. खट्ट करून चाकू उघडायचा. मी ओरडायचो.

"अगं, दात पडेल एखाद दिवशी."

"मग ह्या बाजूला एक खाच पाडून द्या की. तुमच्याजवळ एवढ्या कानशी आहेत."

"पाडतो. उद्या पाडतो."

अर्ध्या तासाचं काम होतं. मी पॅटर्नमेकर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं फौंड्रीचे लाकडी साचे केले. ज्या वस्तूचं ओतकाम करायचं ती आधी आम्ही लाकडात हुबेहूब करायची, मग ती वाळूत दाबून तिचा ठसा घ्यायचा आणि ठशात रस ओतायचा. पंपाची बॉडी, पुल्या, मोठमोठी चाकं, सगळं मी लाकडात केलं. लोकांच्या कामात केसाएवढी चूक होऊ दिली नाही. आणि घरच्या चाकूला एक खाच पाडली नाही.

मग एका दिवाळीत मी बघितलं तर मालनच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला. विचारलं तर म्हणाली, "चाकूनं गेला. दुसरं काय?" मी त्या दिवशीसुद्धा उद्या पाडतो म्हणालो.

शेवटच्या महिन्यात ती दवाखान्यात होती. बोलता बोलता डोळा लागायचा आणि तोंड थोडं उघडं राहायचं. मी शेजारी स्टुलावर बसून तो मोडका दात बघत राहायचो. बाकीचं आजारपण माझ्या हातातलं नव्हतं. दात होता.

ती गेल्यावर मी हत्यारांची पेटी उघडली नाही. कुणी मोडकी खुर्ची आणली तर नाही म्हणून सांगायचो. सकाळी उठायचं, चहा करायचा, डबा यायचा तो खायचा, आणि संध्याकाळ व्हायची वाट बघायची. असे चार महिने गेले.

तर बुधवारी मी चाकू टोपलीतून काढून ठेवायला गेलो. वैजू आली की शोधायला नको, एवढ्याचसाठी. हातात घेतला आणि उलटा करून बघितला. त्या बाजूचं पातं कोरं होतं. मनात आलं, वैजूही डावरी आहे. ती पण दातानंच उघडणार.

फक्त खाच पाडू, असं ठरवलं. बाकी कशाला हात लावायचा नाही. खाच तिच्या लक्षातही येणार नाही. पण पातं सुटं करून व्हाइसच्या जबड्यात धरल्याशिवाय खाच सरळ येत नाही. सुटं करायचं तर मुठीची रिव्हेट काढायला हवी. पेटी न उघडता फळीवर पडलेल्या जुन्या कानशीनं रिव्हेटचं डोकं घासलं, वर खिळा धरला आणि घरच्या हातोडीनं एकच टोला दिला. प्लास्टिक तीस वर्षांचं झालं होतं. एका टोल्यात गेलं.

गुरुवारी सकाळी मी चाकूचे तुकडे फडक्यात बांधले आणि बाबालालकडं गेलो.

बाबालाल मुल्ला आमच्याच कारखान्यात लेथवर होता. मागच्या गल्लीत घर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि तोंडानं दहा वर्षांनी लहान. अंगणात बसून पेपर वाचत होता.

"कोण, निवास सुतार? वाट चुकलास काय?"

"पितळेची तार पाहिजे. दोन एमेम."

"चार म्हैन्यानं तोंड दावलंस आणि तार मागतोस. बस तरी." त्यानं आत हाक मारली, "अगं, निवास आलाय. च्या टाक. साखर दोन चमचं जास्त टाक, माणूस वाळलाय."

मी फडकं सोडलं. त्यानं चष्मा खाली घेऊन बघितलं.

"हा मालनवहिनीचा चाकू न्हवं? ह्यानं वहिनी आमच्या पोरांना पेरू चिरून द्यायच्या. आणि ही काय दशा करून ठेवलीस?"

"वैजूनं मागितलाय. हात लावू नका म्हणाली होती."

"मग?"

"मग लावला."

बाबालाल पेपर बाजूला ठेवून हसला. "नको म्हटलेलं काम तू कधी सोडलंस रं? नवा मिक्सर आणला तेव्हा वहिनी काय म्हणाल्या हुत्या? गॅरंटीतला हाय, हात लावू नका. दुसऱ्या दिवशी मी आलो तर मिक्सर पेपरवर सुटा पडलेला आणि तू मधी बसलेला."

"त्याला आवाज येत होता."

"नव्या मिक्सरला आवाज येतूच की."

भाभी चहा घेऊन आल्या. माझ्याकडं बघितलं आणि बिस्किटांची बशी माझ्या बाजूला सरकवली. मी बाबालालला म्हटलं, "हे चिकटेल काय?"

"चिकटंल. पर हितला कपचा कुठाय?"

"मोरीत गेला."

"मग संपलं. पोरीला खरं सांग."

"फोनवर?"

"फोनवर नको. फोन खोटं बोलायला असतो. समोर आली की सांग." त्यानं पट्टीचे तुकडे जुळवून बघितले आणि पुन्हा फडक्यात ठेवले. "नवी मूठ कर. पर चांगली कर. वाईट केलीस तर दोन गुन्हे हुतील."

त्यानं तार दिली. वीतभर पुरली असती, हातभर दिली. म्हणाला, "लागंल तुला."

घरी येऊन मी माळ्यावर चढलो. तिथं शिसवीचा एक ओंडका होता. मालनला देव्हारा करून द्यायला अकरा वर्षांपूर्वी आणलेला. देव मात्र अजून भिंतीतल्या फळीवरच होते. ओंडक्याच्या कडेचा एक तुकडा कापून घेतला. आतून लाकूड काळंभोर निघालं, मध्ये तांबड्या रेघा. मग हत्यारांची पेटी उघडली. कडीवर गंज धरला होता.

पेटी उघडली की काय होईल याची मला चार महिने भीती होती. काही झालं नाही. तेलाचा आणि लाकडाचा वास आला. कानशी ज्या कापडात गुंडाळल्या होत्या ते मालनच्या जुन्या परकराचं कापड होतं. मी ते मांडीवर पसरलं आणि कामाला लागलो.

दुसऱ्या बाजूची शाबूत पट्टी लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवता आली असती. पण सवयीनं मापंच घेतली. आत लोखंडी पत्रा होता, त्याच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजलं. बासष्ट एमेम. आकडा खडूनं फरशीवर लिहिला, पेटीतली मापाची पट्टी उचलली, लाकडावर बासष्टची खूण केली, भोकं पाडली. दोन्ही बाजूंचे तुकडे तासले, गोलाई दिली, पॉलिशपेपर मारला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. मग पत्रा लाकडावर ठेवून तार घालून बघितली.

एका भोकात तार गेली, दुसऱ्यात जाईना. फरक सव्वा एमेमचा. मी पुन्हा मोजलं. पत्र्यावर बासष्ट होते. लाकडावर जास्त होते.

मला वाटलं हात गेला. चौतीस वर्षांची नजर चार महिन्यांत गेली. वैजू परवा येणार आणि माझ्या हातून एक साधं भोक जागेवर पडत नाही. मी दुसरा तुकडाही मोजला. तिथंही तेवढाच फरक. दोन्हीकडं बरोबर तेवढीच चूक. हात थरथरला असता तर चूक सारखी आली नसती.

तेव्हा मी हातातली पट्टी उलटी करून बघितली. ती शिंकेजची पट्टी होती.

हे जरा समजावून सांगावं लागेल. तापलेलं लोखंड निवताना आकसतं. म्हणून साचा मुळातच थोडा मोठा करायचा असतो. प्रत्येक वेळी हिशेब नको म्हणून आमच्याकडं एक वेगळी पट्टी असते. तिच्यावरचे आकडे नेहमीचेच, पण खुणा जरा लांब लांब पाडलेल्या. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा मोठा. नकाशातला आकडा वाचायचा आणि त्या पट्टीनं लाकडावर घ्यायचा. चौतीस वर्षं मी हेच केलं. हातानं आपणहून तीच पट्टी उचलली होती. चाकूची मूठ मी ओतकामाच्या मापानं केली होती.

आणि मला पडदा आठवला.

एकदा दाराची उंची घेऊन झाल्यावर मालनची शिवणाची टेप हरवली. तिनं माझ्या पेटीतली हीच पट्टी घेतली आणि मधल्या दाराचा पडदा बेतला. टांगला तर दीड इंच फरशीवर लोळतोय. मी तिला पट्टीचं सांगितलं. कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमचं लोखंड आटतं तसा माझा पडदा पण आटेल. धुवून बघते." धुतला. आटला नाही. मी म्हटलं, दांडी दीड इंच वर घेतो, उद्या. बारा वर्षं तो पडदा फरशीवर लोळत होता. ती झाडू मारताना दर वेळी तो उचलायची आणि मला ऐकू जाईल असं म्हणायची, "अजून आटला नाही बाई."

मी पडवीतून आत बघितलं. पडदा तसाच लोळत होता.

मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. शेजारच्या आक्काताई भिंतीवरून डोकावल्या. "निवासभाऊ, बरं हाय न्हवं?" मी हातानंच बरं आहे म्हणून सांगितलं. त्या काही वेळ बघत राहिल्या आणि गेल्या. नंतर मी तिथंच बसून राहिलो, डोळे परकराच्या कापडानं पुसले. कापडाचं तेल डोळ्यात गेलं. ते झोंबलं तेव्हा उठलो.

शुक्रवारी दुसरा तुकडा कापला. शिंकेजची पट्टी पेटीतून काढून माळ्यावर ठेवली. या वेळी मापच घेतलं नाही, पत्रा लाकडावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली, शिकाऊ पोर करतं तशी. दोन्ही भोकांतून तार सरळ गेली.

मग पातं. ते सुटं करून व्हाइसमध्ये धरलं, जबड्यात कापड घातलं. आधीची खाच होती तिच्या बरोबर पाठीमागं, कोऱ्या बाजूला, खूण केली. बारीक त्रिकोणी कानस घेतली. लोखंड मऊ होतं, दहाबारा हातांत खाच दिसायला लागली. अंगठ्याचं नख घालून बघितलं, अजून थोडी खोल हवी होती. तीही केली. कडा पॉलिशपेपरनं मोडल्या, नखाला बोचू नयेत म्हणून. सगळं झाल्यावर मी घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं.

पात्याला धार लावली नाही. कबूल केलेल्यातलं तेवढं तरी पाळावं असं वाटलं. मग जोडणी केली, पितळी तारेची डोकी हलक्या हातानं ठोकून बसवली, मुठीला जवसाचं तेल चोळलं. चाकू उजव्या हातात धरला आणि डाव्या अंगठ्यानं उघडला. मला सवय नाही, तरी उघडला.

शनिवारी दहाच्या सुमारास वैजू आली. एका हातात पिशवी, दुसऱ्यात कढीपत्त्याचं रोप. रोप परसात ठेवलं, पाय धुतले, आईच्या फोटोसमोर उभी राहिली. मी चहा टाकला. ती ओट्याशी आली आणि भाजीच्या टोपलीत बघितलं. टोपली रिकामी होती.

"आप्पा, चाकू?"

"देतो की. चहा घे आधी."

"कुठाय?"

"चहा घे."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. बोटांवर शिसवीचा काळा रंग होता, तो दोनदा साबण लावूनही गेला नव्हता. मग पाटावर बसली आणि कप दोन्ही हातांत धरून राहिली. प्यायली नाही.

मी बाबालालचं वाक्य मनात म्हणून बघितलं आणि सांगून टाकलं. "वैजे, मी हात लावला. खाच पाडायला गेलो आणि मूठ मोडली. नवी केली. तू नको म्हणाली होतीस. माझं चुकलं."

"बघू."

धारेची वस्तू हातात देऊ नये म्हणतात, भांडण होतं. मी चाकू तिच्यासमोर फरशीवर ठेवला. तिनं डाव्या हातानं उचलला. मुठीवरून बोट फिरवलं, रिव्हेटच्या डोक्यांवरून फिरवलं.

"शिसवी?"

"देव्हाऱ्यासाठी आणलेली."

"ती अजून आहे व्हय?" मग म्हणाली, "जुन्या पट्ट्या टाकल्या?"

मी कोनाड्यातून पत्र्याची डबी काढून दिली. आत एक अख्खी पट्टी होती आणि एकीचे दोन तुकडे. "एक कपचा मोरीत गेला," मी म्हटलं. तिनं डबी पर्समध्ये ठेवली. मग चाकू उलटा केला आणि खाच बघितली. डाव्या अंगठ्याचं नख त्यात घातलं. खट्ट. मिटला. पुन्हा उघडला. असं पाचसहा वेळा केलं. मान खाली होती. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मी भिंतीकडं बघायला लागलो.

थोड्या वेळानं लक्षात आलं, ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती.

"हसू नकोस," मी म्हटलं. "ही खाच तुझ्या आईनं तीस वर्षं मागितली. पंचवीस मिनिटांचं काम निघालं. तिचा दात गेला माझ्यापायी."

"कुठला दात?"

"पुढचा. टवका उडालेला. चाकू उघडताना गेला तो."

वैजूनं डोळे पुसले. "तो चाकूनं नाही गेला. दिवाळीत मामाच्या गुऱ्हाळावर ऊस खाताना गेला. कांडं दातानं सोलत होती. मी चौथीत होते, शेजारीच बसले होते. मामी तिला म्हणाली, आता निवासभावजी ओरडणार. तर आई म्हणाली, ओरडतात कशाला, मी चाकूनं गेला म्हणून सांगते, खाच तरी पाडून मिळेल."

मी तिच्या हातातल्या चाकूकडं बघितलं.

"मग? पाडलीत?"

"नाही."

"नाही ना. तेच ती म्हणायची." चहा गार झाला होता, तिनं तो तसाच प्यायला. "दवाखान्यात एकदा तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. तेव्हा मला जवळ बोलावलं. म्हणाली, वैजे, मी तीस वर्षं चुकले. ह्या माणसाला कर म्हटलं की उद्या म्हणतो. नको म्हटलं की लगेच करतो. मिक्सरच्या वेळी कळायला पाहिजे होतं मला."

"असं म्हणाली?"

"हसून हसून खोकला लागला तिला. मग म्हणाली, मी गेल्यावर हे पेटी उघडणार नाहीत. तीन-चार महिने बघ. नाहीच उघडली तर माझा चाकू माग, आणि हात लावायचा नाही म्हणून बजाव."

बाहेर आक्काताई कुणाशी तरी बोलत होत्या. मी पडद्याकडं बघत होतो. दवाखान्यातल्या त्या स्टुलावर मी तिचा दात बघत बसायचो, आणि ती पडल्या पडल्या माझी सोय लावत होती. चार महिने छातीवर एक वजन होतं. ते केव्हा उतरलं ते मला नक्की सांगता येणार नाही, पण पाणी प्यायला उठलो तेव्हा ते नव्हतं.

"आणि मी खरंच हात लावला नसता तर?" मी विचारलं.

"मग तसाच नेला असता." तिनं चाकू मिटला. "गाडीत सगळा वेळ मी तेच म्हणत होते. देवा, आप्पांनी ऐकलेलं नसू दे. मघाशी तुमची बोटं बघितली आणि जिवात जीव आला."

"मग एवढा वेळ तोंड का पाडलं होतंस?"

"तुम्ही माफी मागताना कसे दिसता ते बघायचं होतं. आईनं कधी बघितलं नाही म्हणाली."

दुपारी तिनं पिठलं केलं. कांदा नव्या मुठीच्या चाकूनं चिरला. "धार नाही ह्याला," म्हणाली. मी म्हटलं, "तू नको म्हणाली होतीस." जेवण झाल्यावर मी स्टूल घेतलं आणि दाराची दांडी दीड इंच वर घेतली. वैजूनं स्टूल धरलं. पडदा फरशीपासून सुटला.

पाचच्या गाडीनं ती निघाली. स्टँडवर गाडीत चढता चढता म्हणाली, "आप्पा, आमच्याकडची विळी लई डगमगते. खालची फळी फुगलीय."

"बघतो की. उद्या—"

मी थांबलो. ती पायरीवर उभी राहून माझ्याकडं बघत होती. ओठ दाबून धरले होते, अगदी आईसारखे.

"बघू नका," ती म्हणाली. "आमच्या विळीला अजिबात हात लावायचा नाही. सांगून ठेवते."

याला आता नऊ वर्षं झाली. चाकू अजून वैजूच्या नर्सरीत आहे. सुतळ्या कापून कापून शिसवीची मूठ डांबरासारखी काळी झाली आहे. दोनदा मी रिव्हेट बदलली. बाबालालनं दिलेली तार तेवढ्याला पुरली.

त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, पहिल्या गाडीनं मी गडहिंग्लजला निघालो होतो. पेटी जड होती, चढायला वेळ लागला. कंडक्टर मागं आला आणि पायानं पेटी सीटखाली सरकवायला लागला. ती हलेना.

"मामा, काय भरलंय ह्यात?"

"हत्यारं," मी म्हटलं. "कामाला चाललोय."